पहिल्या हाकेचं वाळवंट

आम्ही तंबू नेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून बदलापूरला, कात्रपमधल्या आमच्या सोसायटीत जो तो पहिला प्रश्न तोच विचारतो. तंबू नाही, गादी नाही, गॅसची शेगडी नाही. तीन माणसं, दोन उंट, चार रल्ल्या म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या जाड गोधड्या, एक तवा, एक पातेलं, पिठाची पिशवी आणि पाणी. तीन रात्री आम्ही उघड्या वाळूवर झोपलो. थंडी कशी सोसली, साप-विंचू दिसले का, जेवलात काय, हे सगळं पुढे येईल. पण मी तिथे कशासाठी गेलो, ते मी सोसायटीत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे. ते गाळून लिहिलं तर बाकी सगळं खरं असूनही हे प्रवासवर्णन खोटं होईल.

कॅम्प चार

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मी एकवीस वर्षं मोटार वायंडिंगचं काम करतो. जळालेली मोटार उघडायची, करपलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. दुकान गोपचं होतं. गोप सिंधी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वेढे मोजताना मी कुणाच्याही हाकेला ओ देत नाही, कारण मोजणी चुकली की मोटार तापते. गोपला ही सवय पक्की माहीत होती. तो बाहेरून "सुधाकर" अशी हाक मारायचा, थोडं थांबून दुसरी मारायचा, आणि मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचा, "गिनती में है, साहब. तिसरी हाक मारली तर मोटार तुमचीच जळेल."

२००५च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा आम्ही बदलापूरला पश्चिमेकडे, नदीजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. त्या दिवशी गोप आमच्याच बाजूच्या एका वाडीत पंप बसवायला आला होता. दुपारपासून पाणी चढू लागलं. वीज गेली. संध्याकाळी अंधारून आलं तोवर तळमजला निम्मा पाण्यात होता आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. तेवढ्यात पावसाच्या आवाजातून खालून हाक आली. "सुधाकर."

मी उठलो. आईने माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "येक झाली."

आईचं माहेर बारवीच्या अंगाला, धरणापलीकडच्या पाड्यावर. तिकडे जुनी माणसं अंधारातल्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. बाहेरचं काही असलं तर ते दोनदाच हाक मारतं, माणूस असला तर तिसरी मारतो, असं ती लहानपणापासून सांगायची. आम्ही बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळं गेलं. आईनेच ते आपल्या हाताने नदीत सोडलं होतं. हा हाकांचा नियम मात्र तिच्याकडे तसाच राहिला. आणि मी? मी विहारात पोरांसमोर उभा राहून अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. तरी थांबलो.

दुसरी हाक आली. पहिलीपेक्षा जरा लांबून.

"दोन," आई म्हणाली.

मग आम्ही दोघं अंधारात तिसरीची वाट बघत बसलो.

गोप चौथ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडला. पुलाजवळून वाहून गेला असावा, असं लोक म्हणाले, आणि मी काही बोललो नाही. आई पुढच्या वर्षी वारली. तिला मी दोष देत नाही. म्हाताऱ्या बाईच्या मुठीतून बेचाळीस वर्षांच्या माणसाला हात सोडवता येत नाही, असं नसतं. त्यानंतर आम्ही पूर्वेला कात्रपला आलो, तिसऱ्या मजल्यावर.

दुकान आता गोपचे मोठे भाऊ चेलाराम चालवतात. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही. गोपपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे, त्यामुळे भाऊ कमी आणि बाप जास्त. फाळणीत पाच वर्षांचे असताना सिंधमधल्या वाळवंटी मुलखातून आले आणि कॅम्पातल्या बराकीत वाढले. गोप जन्मला इथेच. तो दादांना नेहमी म्हणायचा, "तुला एकदा तुझ्या वाळूत झोपवून आणतो. सीमेच्या अलीकडची काय, पलीकडची काय, वाळू तीच." तिघांनी जायचं ठरलेलं होतं.

२००८ संपता संपता दादा एक दिवस दुकानात म्हणाले, "सुधाकर, जानेवारीत जाऊ. माझं सदुसष्ट झालं. नंतर मला उंटावर चढवायला क्रेन लागेल."

"मी कशाला, दादा? घरचं कुणी न्या."

"घरचे हॉटेल मागतात. तू चल. तो असता तर तिघं गेलो असतो."

साडेतीन वर्षं मी त्यांच्यासमोर बसून वेढे मोजत होतो. तीन रात्री मिळतील, त्यातल्या एकीत सांगून टाकू, असं ठरवून मी हो म्हटलं.

डांबर संपतं तिथे

जोधपूर, बाडमेर आणि पुढच्या दोन बसगाड्या वगळतो. शेवटच्या बसने आम्हाला एका फाट्यावर सोडलं. पुढे सीमेकडच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून आम्ही त्याच्या बरंच अलीकडे राहणार होतो. फाट्यावर चहाची टपरी होती आणि टपरीमागे दोन उंट घेऊन सुमार उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, मेंदीने रंगवलेली दाढी. बाडमेरच्या एका ओळखीच्याने त्याला गाठून दिलं होतं.

"अचो साईं, अचो," तो म्हणाला. या साहेब, या.

दादा जागच्या जागी थांबले. उल्हासनगरला चोवीस तास सिंधी कानावर पडते, पण ती दुकानातली, भावताव करणारी. हे बोलणं वेगळं असावं. दादांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आमची आई असंच बोलायची," ते मला म्हणाले आणि नंतरचा अर्धा तास मला विसरून गेले.

सुमारने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. दादा हिंदीत म्हणाले, "दुकान का कारीगर है."

उत्तर अगदी बरोबर होतं. तरी ते मला लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली.

निघण्याआधी सुमारने छागळ म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी सोडून कटोऱ्यात पाणी ओतलं. नव्या गावात कुणी पाणी दिलं की माझं लक्ष आधी भांड्याकडे जातं, माझं वेगळं आहे का बघायला. ही सवय मला वडिलांकडून आली, त्यांना का लागली ते सांगायला नको. इथे कटोरा एकच होता. आधी दादा, मग मी, मग सुमार. आमच्याकडे वरून तोंडात ओतून घेतात, तसं नाही. ओठ लावून. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून तशी पद्धत आहे, असं त्याने नंतर सांगितलं.

मग त्याने आम्हाला दोघांना समोर बसवून नियम सांगितला. मुक्कामापासून कुणी सडपंधाच्या बाहेर जायचं नाही.

"सडपंध म्हणजे?" मी दादांना विचारलं.

"सडु म्हणजे हाक. पंध म्हणजे वाट. एक हाक जाईल तेवढी वाट."

आपल्याकडे आपण हाकेच्या अंतरावर म्हणतो, तेच. पण आपण ते दुकान कुठे आहे सांगताना म्हणतो. हा माणूस ते मोजमाप म्हणून वापरत होता. लाकडांसाठी जा, परसाकडे जा, हाकेच्या बाहेर पडायचं नाही.

"और एक बात," सुमार म्हणाला. "कोई भी आवाज़ दे, किसी का भी नाम ले, पहली आवाज़ पे जवाब देना. 'जीउ' बोलना. यहाँ आदमी के गले में एक ही आवाज़ होती है. दूसरी का पानी नहीं बचता."

"और अगर आवाज़ आदमी की न हो?" मी विचारलं. दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

सुमार हसला. त्याला प्रश्न नवा नसावा. "फिर भी जवाब दो. आदमी नहीं होगा तो उसका क्या बिगड़ेगा? आदमी होगा तो मर जाएगा."

पहिला मुक्काम

कॅलेंडरवर असतं तसं सोनेरी वाळवंट मनात घेऊन जाऊ नका. आम्ही दिवसभर चाललो ते बहुतेक खुरट्या झुडपांमधून. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला उगवते ती रुई तिथे पुरुषभर उंच होते. मधूनच एखादं खेजडीचं झाड, फांद्या छाटून छाटून मुठीसारखं झालेलं. टेकड्या दुपारनंतर लागल्या, आणि त्यांच्या मागे सूर्य गेल्याबरोबर थंडी अशी पडली की मला वाटलं कुणीतरी दार उघडलं.

सुमारने खड्ड्यात जाळ केला. बाजरीची जाडजूड रोटी, तिला तो सोगरा म्हणाला, तव्यावर भाजून मग निखाऱ्यांवर फुगवली. लसणाची चटणी, केर नावाच्या काटेरी झुडपाच्या वाळलेल्या फळांची भाजी, सांडणीच्या दुधाचा खारट चहा. आमच्या भाकरीपेक्षा सोगरा राकट असतो, दातांना काम देतो. दादांची कवळी त्याच्यापुढे हरली. त्यांनी ती काढून, वाळूने घासून, फडक्याने पुसून पुन्हा बसवली.

"दादा, पाण्याने धुवा की."

"माझा बाप वाळूने धुवायचा. मी काय वेगळा आहे?" मग तोंड वाकडं करून थुंकत म्हणाले, "बापाचे दात खरे होते, हे विसरलो."

भांडीही वाळूनेच घासली. पातेलं लखलखीत झालं, थेंबभर पाणी न लागता. घरी आमची ही पाऊण बादली ओतते.

मग निजायची तयारी. निखारे खड्डाभर पसरून त्यांच्यावर हातभर वाळू ओढायची आणि तिच्यावर रल्ली अंथरायची. ऊब पहाटेपर्यंत टिकते. कमरेखाली वाळूत एक खळगा करून घ्यायचा, म्हणजे कूस दुखत नाही. मी तो खळगा उकरत होतो तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. समोरच्या टेकडीवर वाऱ्याने उमटवलेल्या लाटा दिसत होत्या, बारीक, एकीला एक लागून. अशाच लाटा मी पूर्वी पाहिल्या होत्या. पाणी उतरल्यावर आमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर गाळ राहिला होता, त्याच्यावर.

आडवा झालो आणि आवाज संपले. बदलापूरला आपण ज्याला शांतता म्हणतो तिच्यात पंखा असतो, कुत्री असतात, लांबून गाडीचा भोंगा असतो. इथे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने कानात पाणी वाहिल्यासारखा आवाज सुरू झाला. ते आपलंच रक्त असतं, हे मला माहीत आहे. तरी मी दोनदा उठून बसलो.

दादा चार हातांवर जागे होते. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. मी "दादा" म्हणालो.

"काय रे?"

"थंडी आहे."

"हो," ते म्हणाले.

दुसरा दिवस

सकाळी मला जाग आली ती सुमारच्या पुटपुटण्याने. तो माझ्या अंथरुणाभोवती वाकून वाळू वाचत होता. तिकडे माणसं माग काढण्यात तयार असतात. रात्रीत कोण येऊन गेलं ते त्याने आम्हाला वर्तमानपत्रासारखं वाचून दाखवलं. इथून खोकड गेलं. हा भुंगा. ही रेघ सापाची, पण जुनी, थंडीत तो वर येत नाही.

"ये आपका जूता," तो मला म्हणाला. "ये मेरा. ये दादा की चप्पल. और ये?"

चौथं पाऊल होतं. बुटाचं, रबरी तळव्याचं. ते टेकडीकडून आलं होतं, माझ्या उशापर्यंत, आणि तिथे दोन्ही पावलं जोडून, बोटं माझ्याकडे करून उभी राहिली होती. वाळू तिथे खोल दबली होती. बराच वेळ उभं राहिल्यासारखी.

उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली होती. गोप उजवा पाय जरा ओढून चालायचा. त्याचा उजवा बूट कायम तिथेच झिजायचा. दुकानाच्या ओल्या फरशीवर मी तो ठसा वर्षानुवर्षं पाहिलेला आहे.

सुमारने माझ्याकडे पाहिलं आणि आपली काठी हातात घेतली.

"अरे, मी आहे तो," मागून दादा म्हणाले. ते खरोखर गोपचे कॅनव्हासचे बूट हातात घेऊन उभे होते. "चपलेत पाय गारठला, म्हणून पहाटे हे घातले. बरोबर आणले होते मी. त्याचं यायचं राहिलं, निदान बूट तरी येऊ दे म्हटलं."

सुमार हसून उंटांकडे गेला. मला हसता आलं नाही.

"माझ्या उशाशी का उभे होतात, दादा?"

"तू झोपेत बोलत होतास."

"काय?"

"एक, दोन. एक, दोन." दादांनी बूट एकमेकांवर आपटून वाळू झटकली. "तीन कधी म्हणतोस, बघत उभा राहिलो. म्हटलं नाहीस. वेढे मोजत असशील."

त्या दिवशी आम्ही एका ओसाड वस्तीवरून गेलो. मातीच्या गोल झोपड्या, छपरं गेलेली, आणि मधोमध दगडी विहीर, वाळूने भरलेली. दोरीने घासून कठड्याला बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. विहिरीचं पाणी खारं झालं आणि लोक एका हिवाळ्यात उठून गेले, असं सुमारने सांगितलं. दादा खाचांमध्ये बोटं घालत उभे राहिले. आमच्याकडे गावं पाण्याखाली जातात, माझ्या आजोळची निम्मी शेतं बारवीच्या पाण्यात आहेत. इथे पाणी गेलं म्हणून गाव गेलं. दोन्हीकडे मागे दगडच राहतात. एका झोपडीच्या आत चूल होती आणि चुलीत राख, जशी काही बाई आताच उठून गेली. मी तिथून लवकर बाहेर पडलो.

दिवसातला एकमेव गोंधळ माझ्याच हातून झाला. उंट खाली बसताना आधी पुढे झुकतो, मग मागे, हे मला दोनदा सांगितलेलं होतं. मी त्याच्या मानेवरून सरळ वाळूत उतरलो, चहा-साखरेच्या डब्यावर. साखर आणि वाळू एक झाली. दादा तेवढ्यापुरते मनापासून हसले. "आता तुला कळेल कवळीत काय वाटतं ते," म्हणाले.

संध्याकाळी सुमार लाकडं गोळा करायला गेला, हाकेच्या आत. दादा जाळाकडे बघत म्हणाले, "तुमच्या जुन्या बिल्डिंगच्या खाली इस्त्रीवाला होता ना? तो मला भेटला होता. तेव्हाच, पुराच्या महिन्यात."

मी जाळात एक काटकी सरकवली.

"तो म्हणाला, गोप तुमच्या बिल्डिंगकडे जाताना दिसला. छातीएवढ्या पाण्यात. पुलाकडे नाही. तुमच्याकडे." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "साडेतीन वर्षं मी तुझ्यासमोर गल्ल्यावर बसतो, सुधाकर. रोज म्हणतो आज विचारू. तिथे दुकानात विचारता येत नाही. माणसं येतात, मोटारी येतात. म्हणून इथे विचारतो. तुला काही ऐकू आलं होतं?"

मी सांगायलाच आलो होतो. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं.

"पाऊस फार होता, दादा," मी म्हणालो. "काही ऐकू आलं नाही."

त्यांनी गोपचे बूट उचलून उशाशी ठेवले. मग "बरं," म्हणाले आणि रल्ली ओढून पाठ फिरवून झोपले. साडेतीन वर्षं मी फक्त गप्प होतो. खोटं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोललो.

तिसरा मुक्काम आणि नंतरची सकाळ

तिसरा दिवस आम्ही जवळजवळ न बोलता चाललो. सुमार मधे राहून दोघांशी दोन भाषांत बोलत राहिला, मग तोही थकला. मुक्काम दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर होता. एक एकटी खेजडी, बाकी काही नाही.

सकाळी डोळे उघडले तेव्हा काहीच दिसेना. मला वाटलं डोक्यावर गोधडी आहे. गोधडी नव्हती. धुकं होतं. वाळवंटात धुकं पडतं हे मला माहीत नव्हतं. बारवीकडे हिवाळ्यात धरणावरून उठतं तसं, पण त्याला काठ असतो, झाडं असतात. हे सगळीकडून सारखं होतं. रल्ली ओली, केस ओले, मिशांवर थेंब. तीन दिवस कटोऱ्याने मोजून पाणी पिणारे आम्ही पाण्यात बुडाल्यासारखे झालो होतो. उजाडलं होतं, एवढंच कळत होतं.

दादांचं अंथरूण रिकामं होतं. सुमारचंही. उंट पायबंदासह सरकत सरकत कुठेतरी गेले होते आणि सुमार त्यांच्या मागे गेला असणार, कारण लांब कुठेतरी त्यांची घंटा वाजत होती. डावीकडून की उजवीकडून, ते कळत नव्हतं.

आणि हाक आली. एकच.

"गोप."

दादांचाच आवाज. त्या दोघा भावांचे आवाज सारखे होते, फोनवर गिऱ्हाइकं फसायची. त्या धुक्यात नाव कुणाचं आणि आवाज कुणाचा, हे मला क्षणभर उलटंपालटं झालं. माझं डावं मनगट आवळल्यासारखं झालं. आईची बोटं कुठे कुठे रुततात ते मला नेमकं माहीत आहे. माझ्या डोक्यात, तिच्याच आवाजात, मोजणी सुरू झाली. येक.

नाव माझं नव्हतं. ज्याचं होतं तो ओ देणार नव्हता.

"जीउ," मी ओरडलो. घसा फाटेल इतक्या जोरात. "जीउ, दादा. जीउ."

आणि चालू लागलो. दहा पावलं, जीउ. दहा पावलं, जीउ. समोरून काही येत नव्हतं. मी वाकून वाळू बघत होतो. झिजलेल्या टाचेचं पाऊल सापडलं आणि त्याच्यामागे गेलो. पाऊल वळत वळत, स्वतःलाच एकदा ओलांडून गेलेलं होतं. मग पांढऱ्यातून खेजडीचं खोड काळं झालं आणि खोडाला टेकून दादा बसलेले दिसले. गोपचे बूट घातलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मुक्कामापासून फार तर दोनशे पावलं असतील.

मी त्यांच्यासमोर बसलो. ते कापत होते. मी अंगातला स्वेटर काढून त्यांच्यावर टाकला.

"दुसरी निघालीच नाही," ते म्हणाले. आवाज खरखरत होता. "तोंड उघडलं, पण निघाली नाही. सुमार खरं सांगत होता." मग जरा वेळाने, "त्याच्या नावाला तू ओ दिलीस."

"हो."

"का?"

मी सांगितलं. सगळं, वर लिहिलं आहे तेवढं आणि तसंच. जिना, अंधार, आईची मूठ, येक, दोन. परवा खोटं बोललो तेही सांगितलं.

"गोप दुकानात दोनच हाका मारायचा," मी शेवटी म्हणालो. "मी मोजणीत असलो की तिसरी मारत नसे. त्या दिवशीही त्याला तसंच वाटलं असेल, दादा. आत सुधाकर मोजतोय. आणि मी खरंच मोजत होतो."

धुकं हलत नव्हतं. त्यांनी मला मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"पाण्यात उभा माणूस तीन हाका कशा मारेल?" ते म्हणाले.

"नाही मारणार."

"हे तुला आत्ता कळलं का तेव्हाही कळत होतं?"

"तेव्हाही."

त्यांनी मान हलवली. बूट काढून त्यातली वाळू ओतली, परत घातला. मग म्हणाले, "मला वाटायचं, तो एकटाच गेला. हाक मारायलाही कुणी सापडलं नाही त्याला, असं वाटायचं. रात्री तेच वाटायचं." थोडं थांबून, "कशी मारली होती?"

"काय?"

"हाक. कशी मारली होती त्याने? मारून दाखव."

"दादा, नको."

"तू ऐकलीस. मी नाही ऐकली. मारून दाखव."

मी उभा राहिलो. गोप माझ्या नावातला "धा" लांबवायचा आणि शेवट झटकन तोडायचा. मी त्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड केलं, छाती भरली, आणि माझंच नाव त्याच्यासारखं घेऊन हाक मारली.

"सुधाकर."

हाक संपते न संपते तोच, धुक्याच्या पलीकडून, लांबून पण स्पष्ट, उत्तर आलं.

"जीउ."

सुमार. त्याचं नाव सुधाकर नाही, आणि माझं नाव सुधाकर आहे हेही त्याच्या धड लक्षात नव्हतं. तीन दिवस तो मला भाईसाहब म्हणत होता. दादांनी डोळे मिटून घेतले होते. दुसरी हाक मारायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

घंटा जवळ येऊ लागली. मधे मधे "जीउ, जीउ" करत सुमार चालत होता, आम्ही जागचे हलू नये म्हणून. आधी उंटाची मान दिसली, मग तो. खांद्यावर छागळ, पागोटं सुटलेलं, धाप लागलेली. त्याने आम्हा दोघांना निरखून पाहिलं.

"किसने बुलाया?"

मी बोलणार होतो. दादा आधी बोलले.

"मेरे भाई ने."

सुमारने पुढे काही विचारलं नाही. छागळ सोडून कटोरा भरला आणि रीतीप्रमाणे तो आधी दादांसमोर धरला. दादांनी अर्धा प्यायला आणि उरलेला स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिला.

भाऊ ते कुणाला म्हणाले, हे मी विचारलेलं नाही. परतीच्या गाडीतही नाही, आणि दुकानातही नाही. मी रोज त्यांच्यासमोर बसून वेढे मोजतो. त्यांनी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतो.